पाणी साफ, तरी डास कसे? घरात डास कुठे वाढतात आणि त्यांच्यापासून कोणते आजार होतात

पावसाळा सुरू झाला की मोहल्ल्यात एकच तक्रार ऐकू येते: गटारी भरल्या, डास वाढले, धूरफवारणीची गाडी पाठवा. तक्रार खोटी नाही. पण घरात डेंग्यूचा पेशंट निघतो तेव्हा त्याला चावलेला डास बहुतेक वेळा गटारीतून आलेला नसतो. तो घरातल्याच साफ पाण्यात जन्मलेला असतो. ज्या पाण्याने आपण वुजू करतो, जे प्यायला भरून ठेवतो, तेच पाणी या डासाला आवडतं. म्हणूनच घर कितीही नीटनेटकं ठेवणारी बाई म्हणते, "आमच्याकडे घाण नाहीच, मग डेंग्यू कसा आला?"

आपल्याकडे आजार पसरवणारे डास मुख्यतः तीन जातींचे आहेत. क्युलेक्स हा गटारी, सांडपाणी आणि संडासाच्या टाकीत वाढतो, रात्री चावतो आणि त्याच्यापासून हत्तीरोग होतो. अ‍ॅनॉफिलीस मलेरिया पसरवतो. शहरात त्याची एक जात गच्चीवरच्या उघड्या टाक्यांत, विहिरीत आणि बांधकामाच्या साठलेल्या पाण्यात अंडी घालते. तिसरा एडिस, पायांवर पांढरे पट्टे असलेला काळा डास. डेंग्यू, चिकनगुनिया आणि झिका हे तिन्ही त्याच्यामुळेच पसरतात. चावते ती फक्त मादी, कारण अंडी तयार करायला तिला रक्त लागतं. नर फुलांच्या आणि झाडांच्या रसावर जगतो.

डासामुळे मलेरिया होतो याचा पुरावा हिंदुस्तानातच मिळाला. 20 ऑगस्ट 1897 ला सिकंदराबादमध्ये रोनाल्ड रॉस यांना डासाच्या पोटात मलेरियाचे जंतू दिसले. त्या डासांना ज्याचं रक्त पाजलं होतं तो रुग्ण होता हुसेन खान, आणि चावलेल्या प्रत्येक डासामागे त्याला एक आणा मिळायचा. रॉस यांना 1902 मध्ये नोबेल मिळालं. हुसेन खानचं नाव मात्र फार कमी लोकांना माहीत आहे.

ड्रम रिकामा केला, पण घासला का?

एडिसची मादी अंडी पाण्यात सोडत नाही. पाण्याच्या पातळीच्या थोडं वर, भांड्याच्या ओलसर आतल्या कडेला ती एकेक करून चिकटवते. एका वेळी शंभरच्या आसपास अंडी असतात, आणि ती सगळी एका जागी न घालता थोडी ड्रममध्ये, थोडी कुंडीखालच्या बशीत, थोडी कूलरमध्ये अशी वाटून घालते. ही अंडी पाण्याशिवाय कित्येक महिने टिकतात. म्हणजे मे महिन्यात कोरडा करून ठेवलेला कूलर पुढच्या वेळी पाणी लागताच डास देऊ शकतो. नुसतं पाणी ओतून दिल्याने काम होत नाही. काथ्याने किंवा ब्रशने आतली भिंत घासावी लागते, विशेषतः जिथे पाण्याची रेघ उमटलेली असते तिथे.

अंड्यातून अळी, अळीतून कोष, कोषातून डास, या सगळ्याला गरम दिवसांत साधारण सात ते दहा दिवस लागतात. आठवड्यातून एकदा "कोरडा दिवस" पाळा असं आरोग्य खातं सांगतं, त्याचं कारण हेच. कुठला वार, याला महत्त्व नाही. पण जुम्याच्या सकाळी घरात तशीही आवराआवर असते, तोच वार धरला तर विसरायला होत नाही.

आता खरी अडचण. छत्रपती संभाजीनगर, जालना यांसारख्या शहरांत नळाला कित्येक दिवसांच्या अंतराने पाणी येत आलं आहे. अशा घराला "ड्रम रिकामा करा" सांगणं म्हणजे थट्टाच. तिथे दुसरे उपाय करावेत. सगळे ड्रम थोडे थोडे वापरण्यापेक्षा एक पूर्ण संपवून, घासून, मग दुसऱ्याला हात लावावा. झाकणाला फट असेल तर त्याचा उपयोग नाही, मादी तेवढ्यातूनही शिरते. त्यापेक्षा जुन्या लुंगीचं किंवा ओढणीचं कापड दुहेरी करून दोरीने घट्ट बांधलेलं बरं. अळ्या दिसल्याच तर पाणी कापडातून गाळून घ्यावं आणि कापड कोरड्या मातीवर झटकावं. अळ्या ओळखणं सोपं आहे. टॉर्च मारून ड्रमवर टिचकी मारा, वळवळत खाली जातात त्या अळ्या. पाण्यात तिरप्या, डोकं खाली करून लटकत असतील तर एडिस किंवा क्युलेक्स, पृष्ठभागाला समांतर आडव्या पडल्या असतील तर मलेरियाचा डास.

बाकी ठिकाणं बहुतेकांच्या नजरेतून सुटतात: फ्रिजच्या मागचा ट्रे, मनीप्लांटची बाटली, गच्चीवरचे टायर आणि नारळाच्या करवंट्या, पत्र्यावर टाकलेल्या ताडपत्रीच्या घड्या, बकऱ्यांना आणि पक्ष्यांना ठेवलेलं पाणी. कबरस्तानात पक्ष्यांसाठी ठेवलेली मातीची भांडी चांगल्या नियतीने ठेवलेली असतात, पण आठवड्याला ती कोण धुतो? मशिदीच्या हौजात गप्पी मासे सोडता येतात, ते अळ्या खातात. मासे राहिल्याने पाणी नापाक होत नाही, तरी शंका असेल तर इमाम साहेबांना विचारून घ्यावं. मुंबईच्या जामा मशिदीच्या जुन्या तलावात तर मासे आहेतच. संडासाच्या टाकीच्या पाइपच्या तोंडाला बारीक जाळी बांधली की क्युलेक्सचा रस्ता बंद.

धूरफवारणीने फक्त उडणारे डास मरतात. अंडी आणि अळ्या तशाच राहतात, त्यामुळे दोन-तीन दिवसांत परत तेच.

ताप आला तर

एडिस दिवसा चावतो, जास्त करून सकाळी आणि मगरिबच्या आधीच्या दोन तासांत. मच्छरदाणी फक्त रात्री लावली तर दुपारी झोपणारं बाळ उघडंच राहतं. डेंग्यूच्या पेशंटलाही तापाच्या दिवसांत मच्छरदाणीत झोपवावं, नाहीतर त्याला चावलेला डास पुढे घरातल्या इतरांना आजार देतो.

डेंग्यूत अचानक जोराचा ताप, डोळ्यांच्या मागे दुखणं, अंग मोडून येणं असतं. तापाच्या पहिल्या पाच दिवसांत एनएस-1 तपासणी उपयोगी पडते, त्यानंतर आयजीएम. तापाला पॅरासिटामॉल चालतं. अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक या गोळ्या मेडिकलवरून आपल्या मनाने आणू नयेत, रक्तस्रावाचा धोका वाढतो. लोक फसतात ते इथे: तिसऱ्या ते सातव्या दिवसादरम्यान ताप उतरतो, घरचे म्हणतात बरं झालं, आणि खरा धोका तेव्हाच सुरू होतो. पोटात जोरात दुखणं, उलट्या न थांबणं, हिरड्या किंवा नाकातून रक्त, हातपाय थंड पडणं, पेशंट सुस्त किंवा बेचैन होणं, लघवी कमी होणं, यातलं एक जरी दिसलं तरी सकाळची वाट न बघता दवाखान्यात न्यावं. पपईच्या पानाच्या रसावर विसंबून वेळ घालवू नये. डेंग्यूचे चार प्रकार आहेत. एकदा झाला म्हणून सुटका नाही, उलट दुसऱ्या वेळी वेगळ्या प्रकारचा झाला तर तो जास्त गंभीर होण्याची शक्यता असते.

थंडी वाजून ताप येत असेल तर मलेरियासाठी रक्त तपासावं. सरकारी दवाखान्यात तपासणी आणि औषध दोन्ही मोफत आहे. व्हायव्हॅक्स मलेरियाचे जंतू लिव्हरमध्ये लपून राहतात, म्हणून डॉक्टरांनी दिलेला प्रायमाक्विनचा 14 दिवसांचा कोर्स ताप गेला तरी पूर्ण करायचा. गरोदर बाईने मात्र ही गोळी घ्यायची नाही, डॉक्टरांना आधीच सांगावं. झिकाही गरोदर बायांसाठीच जास्त चिंतेचा आहे, कारण त्याचा परिणाम पोटातल्या बाळाच्या डोक्याच्या वाढीवर होऊ शकतो. महाराष्ट्रात त्याचा पहिला पेशंट जुलै 2021 मध्ये पुणे जिल्ह्यातल्या बेलसर गावात सापडला, आणि 2024 मध्ये पुणे शहरातही पेशंट निघाले. ज्या घरात कोणी गरोदर आहे तिथे ड्रम घासायचं काम तिच्या अंगावर न टाकता घरातल्या पुरुषांनी उचलावं.