शपथेवरची राजनिष्ठा : वेक्सफर्ड, १७९८

इ. स. १७९८ च्या जून महिन्याच्या अखेरीस आयर्लंडच्या आग्नेय किनाऱ्यावरील वेक्सफर्ड शहरात जी लष्करी न्यायालये बसली, त्यांच्यापुढील प्रश्न वरकरणी साधा होता : समोर उभा असलेला माणूस राजाचा की बंडखोरांचा? शहर ३० मे रोजी राजसैन्याने सोडले, बंडखोरांनी घेतले आणि २१ जून रोजी ते पुन्हा राजसैन्याच्या हाती आले. या तीन आठवड्यांत शहरात राहिलेला प्रत्येक नागरिक कोणत्या तरी अर्थाने बंडखोरांच्या सत्तेखाली वावरला होता. त्याच्या निष्ठेचा निवाडा आता शेजाऱ्यांच्या साक्षींवर होणार होता.

मॅथ्यू किओ याचा खटला या दृष्टीने विशेष बोलका आहे. किओ प्रॉटेस्टंट, साध्या शिपायापासून चढत कॅप्टनच्या हुद्द्यापर्यंत पोहोचलेला निवृत्त सेनाधिकारी आणि शहरातील प्रतिष्ठित रहिवासी. बंडखोरांनी त्याला शहराचा लष्करी गव्हर्नर नेमले. त्याने हे पद स्वेच्छेने घेतले की जमावाच्या धाकाने, यावर दोन्ही बाजूंनी बोलता येते. पद मात्र त्याने सांभाळले. त्या काळात शेकडो राजनिष्ठ कैदेत होते आणि त्यांच्यापैकी पुष्कळांचे प्राण वाचले. २० जून रोजी मात्र वेक्सफर्डच्या लाकडी पुलावर सत्तरहून अधिक कैद्यांची भाल्यांनी हत्या झाली. गव्हर्नर किओला ती रोखता आली नाही.

खटल्यातील पेच येथेच होता. ज्यांना किओने संरक्षण दिले होते त्यांनी त्याच्या माणुसकीची ग्वाही दिली. सामान्य न्यायबुद्धीला ही ग्वाही आरोपीच्या पारड्यात पडावीशी वाटते. परंतु तिच्यातून एक उलटा निष्कर्षही निघत होता. एखाद्याचा जीव वाचवता येण्यासाठी हाती अधिकार असावा लागतो, आणि बंडखोरांमध्ये ज्याच्या हाती अधिकार, तो बंडाचा पुढारीच. म्हणजे साक्षीदार जितक्या कृतज्ञतेने बोलेल, तितका आरोपी फासाजवळ जाईल! पुलावरची हत्या त्याने का रोखली नाही, या प्रश्नाला ‘त्याचे कोणी ऐकत नव्हते’ हे उत्तर द्यावे, तर वाचलेल्या जिवांचे श्रेय त्याच्याकडून जाते. जेम्स गॉर्डन या अँग्लिकन धर्मोपदेशकाने १८०१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या बंडाच्या इतिहासात लष्करी न्यायालयांची ही रीत स्पष्टपणे नोंदविली आहे : दया दाखविल्याचा पुरावा तेथे निर्दोषत्वाचा न ठरता सत्तेचा ठरत असे. गॉर्डन स्वतः राजनिष्ठांपैकी होता, म्हणून या नोंदीचे वजन अधिक. किओला २५ जून रोजी त्याच पुलावर फाशी देण्यात आली.

पुढची पायरी ग्रंथांची. सर रिचर्ड मस्ग्रेव्ह याने १८०१ मध्ये आयर्लंडमधील बंडांचा जो प्रचंड वृत्तांत छापला, त्याच्या परिशिष्टांत शपथपत्रांची रास आहे. मस्ग्रेव्हची धारणा अशी की, हे बंड म्हणजे कॅथलिकांनी प्रॉटेस्टंटांविरुद्ध रचलेला कट. किओसारखा प्रॉटेस्टंट गव्हर्नर या मांडणीत बसविणे अवघडच. शपथपत्राच्या रूपबंधाने मात्र त्याला मोठा आधार दिला. साक्षीदार बोलतो, लेखनिक ते तृतीय पुरुषात उतरवून घेतो, आणि ‘सदर साक्षीदार शपथपूर्वक सांगतो की’ या साच्यात ऐकीव वार्ता, प्रत्यक्ष पाहिलेले आणि नंतर मनात बसलेले भय हे सर्व एकाच पातळीवर येते. हा साचा जुना होता. १६४१ च्या बंडानंतर नोंदविलेल्या सुमारे ८,००० जबान्या (आज त्या डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात आहेत) आणि त्यांचा उपयोग करून जॉन टेम्पल याने १६४६ मध्ये लिहिलेला इतिहास, ही मस्ग्रेव्हची परंपरा. कॅथलिक एडवर्ड हे याने १८०३ मध्ये वेक्सफर्डच्या उठावाचा प्रतिवृत्तांत लिहिला. बंडाच्या दिवसांत तो शहरात होता, पुढे कैदेतही पडला. साहजिकच त्याचा इतिहास हा पुष्कळ अंशी स्वतःच्या निष्ठेचे शपथपत्र झाला आहे.

मस्ग्रेव्हने आपला ग्रंथ लॉर्ड कॉर्नवॉलिस याला अर्पण केला होता. भारतीय वाचकाला बंगालच्या जमीनमहसुलाच्या कायमधाऱ्यामुळे परिचित असलेला हाच कॉर्नवॉलिस जून १७९८ पासून आयर्लंडचा राजप्रतिनिधी होता. ग्रंथाचा सूर पाहिल्यावर त्याने ती अर्पणपत्रिका नाकारली. समेटाचे धोरण राबवू पाहणाऱ्या शासकाला शपथांचा तो संग्रह अडचणीचा होता.

शपथांचे मूल्य आणखी एका ठिकाणी रोकड्या अर्थाने ठरत होते. मालमत्तेचे नुकसान झालेल्या राजनिष्ठांना भरपाई देण्यासाठी शासनाने आयोग नेमला. नुकसानीबरोबर निष्ठेचाही दाखला द्यावा लागे. सर्वाधिक दावे वेक्सफर्ड परगण्यातून आले. बंडाच्या दिवसांत जीव वाचविण्यासाठी ‘युनायटेड आयरिशमेन’ची शपथ घेतलेला दुकानदार नंतर राजनिष्ठेची शपथ घेई, आणि आपली पहिली शपथ सक्तीची होती हेही शपथेवरच सांगे. त्याला खोटारडा म्हणणे सोपे आहे. तीन आठवड्यांत दोनदा मालक बदललेल्या शहरात त्याला दुसरी कोणती भाषा उपलब्ध होती, हे सांगणे कठीण.

वृद्ध जमीनदार कॉर्नेलियस ग्रोगन याने बंडखोरांच्या सैन्याला धान्य पुरविले. ते त्याने धमकीखाली केले, असा त्याचा बचाव होता. त्यालाही जूनअखेर फाशी झाली. पुढे आयरिश संसदेत त्याची मालमत्ता जप्त करण्याचे विधेयक आले, तेव्हा त्या लष्करी न्यायालयाच्या कामकाजाची छाननी झाली. सभासद व वकील जोना बॅरिंग्टन याने नोंदविल्याप्रमाणे, साक्षीदारांच्या शपथा तोलणाऱ्या त्या न्यायालयाच्या सदस्यांनी स्वतः मात्र विधिवत शपथ घेतलेली नव्हती. विधेयक तरीही संमत झाले.