धक्क्यावरचं बिल

युद्धनौका बंदरात शिरली की एकदम परावलंबी होते. समुद्रावर जिचा दरारा, तिला धक्क्याला लागायला टगबोटीची मदत लागते. मग गोडं पाणी, भाजीपाला, इंधन, पहारा, कचरा आणि हजारो खलाशांचा मैला उपसून नेणं. ही सोय लावण्याच्या धंद्याला इंग्रजीत 'हजबंडिंग' म्हणतात. इथे नवऱ्याचा संबंध नाही. शब्दाचा जुना अर्थ घर सांभाळणं.

अमेरिकेच्या सातव्या आरमाराचा हा संसार आशियातल्या अनेक बंदरांत लेनर्ड ग्लेन फ्रान्सिस सांभाळायचा. जन्म पेनांगचा, कंपनी सिंगापूरची, अवाढव्य देहामुळे नाव पडलं 'फॅट लेनर्ड'. २०११ मध्ये त्याला सुमारे २० कोटी डॉलरची कंत्राटं मिळाली.

पैसे खाल्ले जायचे ते मैल्यासारख्या कामांत, जिकडे कुणी फार बघत नाही. जहाज दोन-चार दिवस थांबणार, कप्तानाला निघायची घाई. अशा वेळी बिल तपासणार कोण? कंपनी खोटी कोटेशन्स जोडायची, अस्तित्वातच नसलेल्या बंदर प्राधिकरणांची दरपत्रकं दाखवायची. पुढे तर जहाजाने कुठे थांबायचं हेही लेनर्डच्या सोयीने ठरू लागलं. मायकेल मिसिविच या कमांडरने त्याला जहाजांची गुप्त वेळापत्रकं पुरवली. मोबदल्यात मिळाला प्रवास, ऐषआराम, बायका.

सप्टेंबर २०१३ मध्ये लेनर्डला सॅन डिएगोत पकडलं. साडेतीन कोटी डॉलर लुबाडल्याचं त्याने २०१५ मध्ये कबूल केलं. २०२२ मध्ये तो नजरकैदेतून पळाला, व्हेनेझुएलात सापडला आणि २०२४ मध्ये त्याला १५ वर्षांची शिक्षा झाली. दरम्यान सरकारी वकिलांच्याच गैरवर्तनामुळे काही अधिकाऱ्यांचे गंभीर गुन्हे किरकोळ ठरले.

म्हणजे सगळी भिस्त कोर्टावर ठेवून भागत नाही. नौदलाने जो बदल केला तो दिसायला कारकुनी आहे: बिल चुकवण्याचं काम जहाजावरून काढून किनाऱ्यावरच्या कार्यालयाकडे दिलं आणि एकाच ठेकेदाराऐवजी अनेकांना स्पर्धेत उतरवलं. मागणारा, मोजणारा आणि पैसे देणारा हे तीन वेगळे हात झाले, तर लाच देणाऱ्याला एकाऐवजी तिघांना गाठावं लागतं.

लेनर्डने नौदलातले फक्त लोभी अधिकारी हेरले नव्हते. एकाच माणसाच्या सहीवर सगळं चालतं अशी जागा त्याने आधी हेरली होती.