आर्थर व्हार्टन : ‘आद्य’ ह्या पदाचा विचार

१. आर्थर व्हार्टन ह्यास ‘जगांतील पहिला कृष्णवर्णी फुटबॉलपटु’ म्हटलेलें अनेक ठिकाणीं आढळतें. ह्या लक्षणावर अतिव्याप्तीचा दोष येतो. कारण तें दुसऱ्या एका पुरुषास व्हार्टनच्या आधींच लागू पडतें. ब्रिटिश गियानांतील डेमेरारा येथें १८५६ सालीं जन्मलेला अँड्र्यू वॉटसन हा १८८१ सालीं स्कॉटलंडच्या संघाचा नायक होता, व त्या सामन्यांत इंग्लंडचा ६-१ असा पराभव झाला. तथापि वॉटसन आफ्रिकेंत जन्मला नव्हता, आणि त्याची ख्याति हौशी खेळाडू म्हणून आहे. म्हणून ‘आफ्रिकेंत जन्मलेला’ व ‘वेतन घेऊन खेळणारा’ हीं दोन विशेषणें जोडलीं, म्हणजे व्हार्टनचें आद्यत्व निर्दोष ठरतें.

२. त्याचा जन्म २८ ऑक्टोबर १८६५ रोजीं गोल्ड कोस्ट, म्हणजे आजच्या घाना देशांतील अक्रा येथें झाला. वडील हेन्री व्हार्टन हे ग्रेनाडा बेटांतून आलेले मेथॉडिस्ट धर्मोपदेशक. आईचा संबंध फांटी राजकुळाशीं होता. मुलानेंही धर्मप्रचारक व्हावें ह्या हेतूनें त्यास इंग्लंडांत पाठविण्यांत आलें. परंतु डार्लिंग्टन येथील क्लीव्हलंड कॉलेजांत असतां त्याचें चित्त क्रीडांगणाकडे वळलें. जुलै १८८६ मध्यें लंडनच्या स्टॅम्फर्ड ब्रिज मैदानावरील राष्ट्रीय हौशी स्पर्धेंत त्यानें शंभर यार्डांचें अंतर दहा सेकंदांत तोडून अजिंक्यपद मिळविलें, व पुढील वर्षीं तें राखिलें.

३. फुटबॉलमध्यें तो गोलरक्षक होता. डार्लिंग्टनहून तो प्रेस्टन नॉर्थ एंड ह्या प्रबळ संघांत गेला. हा संघ १८८७ सालीं एफ. ए. चषकाच्या उपान्त्य फेरीपर्यंत पोंचला. पैसे घेऊन खेळण्यास इंग्लंडांत अधिकृत मान्यता मिळाली ती १८८५ सालीं. हा कालक्रम ध्यानांत ठेविला पाहिजे. व्हार्टननें १८८८ सालीं प्रेस्टन सोडलें, आणि लगेच पुढच्या हंगामांत त्या संघानें नवी लीग व चषक हीं दोन्ही जिंकलीं! १८८९ सालीं तो रॉदरहॅम टाउन संघाशीं वेतनाच्या करारानें बांधला गेला. धंदेवाईक फुटबॉलपटु म्हणून त्याची गणना येथून करावी. १८९४ सालीं शेफील्ड युनायटेडनें त्यास घेतलें. तेथें विल्यम फोक हा तरुण व महाकाय गोलरक्षक असल्यामुळें व्हार्टनला फारशी संधि लाभली नाहीं. तरी त्या हंगामांत संडरलंडविरुद्ध तो पहिल्या वर्गाचा सामना खेळला, आणि त्या वर्गांत खेळलेला पहिला कृष्णवर्णी ठरला. पुढें लहानसहान संघांतून फिरत तो १९०१-०२ च्या हंगामांत स्टॉकपोर्ट काउंटीकडून दुसऱ्या वर्गांत खेळला व निवृत्त झाला.

४. त्याच्या खेळाविषयीं एक साक्ष उल्लेखनीय आहे. व्हार्टन उडी मारून आडव्या दांडीस लोंबकळे, चेंडू पायांच्या मध्यें पकडी, व धांवून आलेले तीन प्रतिस्पर्धी जाळ्यांत कोसळत, असें एका प्रेक्षकानें १९४२ सालीं शेफील्डच्या वृत्तपत्रास कळविलें. घटनेनंतर सुमारें अर्धशतकानें लिहिलेल्या पत्रांतील प्रत्येक तपशील जसाच्या तसा घेतां येत नाहीं. परंतु महायुद्ध चालूं असतां, खेळाडूच्या मृत्यूस अकरा वर्षें लोटल्यावर, एका सामान्य प्रेक्षकास तें सांगावेंसें वाटलें, एवढी गोष्ट निर्विवाद आहे.

५. उत्तरायुष्यांत व्हार्टन यॉर्कशायरमधील एडलिंग्टन येथें कोळशाच्या खाणीवर मजुरी करीत होता. १३ डिसेंबर १९३० रोजीं तो निवर्तला व तेथेंच त्यास पुरण्यांत आलें. कबरीवर शिलालेख नव्हता. तो १९९७ सालीं, शेफील्डमधील वर्णद्वेषविरोधी कार्यकर्त्यांच्या खटपटीनें बसविण्यांत आला. पुढील वर्षीं फिल व्हॅसिली ह्यांनीं लिहिलेलें त्याचें चरित्र निघालें, आणि २०१४ सालीं इंग्लिश फुटबॉलच्या राष्ट्रीय केंद्रांत त्याचा पुतळा उभा राहिला.

६. ह्यावरून एक गोष्ट दिसते. व्हार्टनच्या नोंदी नष्ट झाल्या नव्हत्या. धांवण्याचे निकाल, सामन्यांचीं वृत्तें, सर्व छापलेलें होतें. नव्हता तो त्या एकत्र करून पाहणारा. साठ-सत्तर वर्षें खाणकामगाराची कबर अनामिक राहिली, ती साधनांच्या अभावामुळें नव्हे, जिज्ञासेच्या अभावामुळें. आद्यत्व हें आपोआप टिकत नाहीं. कोणीतरी विचारावें लागतें, तेव्हांच तें इतिहासांत येतें.