बेटाचे तुटलेले किनारे

चहूबाजूंनी भारताने वेढलेले निजामाचे संस्थान हे एक बेटच होते. १५ ऑगस्ट १९४७ नंतरही तेरा महिने आम्ही मुखेडकर त्याच बेटावर होतो. १७ सप्टेंबर १९४८ रोजी ते मुक्त झाले. मुखेडच्या एका अंगाला उदगीर, दुसऱ्या अंगाला देगलूर. १९५६च्या भाषावार पुनर्रचनेत उदगीर बीदर जिल्ह्यातून मराठी मुलखात आले. देगलूर तालुक्यातील बिचकुंदा आणि जुक्कल मात्र आंध्रात गेले. आमची बाजारातली बोली मिश्रच राहिली. ‘मराठवाडा विनाअट सामील झाला’ हे वाक्य आपण अभिमानाने उच्चारतो, तक्रार म्हणूनही. १९५३च्या नागपूर करारापासून वाद चालतो तो अनुशेषाचा. तो रास्तच आहे. पण तुटलेल्या किनाऱ्यांचा हिशेब कोणत्या अनुशेषात धरायचा?