शहजाद मसीह: एका माणसाची दोन कुळे

फेब्रुवारी 1818 मध्ये रायसेनला भोपाळचे नवाब नजर मुहम्मद खान आणि ईस्ट इंडिया कंपनी यांच्यात तह झाला. कंपनीकडून कॅप्टन जोसाया स्टुअर्ट बोलणी करत होता; नवाबाकडून करम मुहम्मद बख्शी आणि शहजाद मसीह साहेब. भोपाळने कंपनीच्या मदतीला 600 स्वार आणि 400 पायदळ द्यायचे ठरले आणि बदल्यात पेशव्यांचे सरदार विंचूरकर यांच्याकडचे आष्टा, इछावर, सिहोर, दोराहा, देवीपुरा हे महाल भोपाळला मिळाले. यातले दोराहा मराठी वाचकाच्या ओळखीचे आहे. 1737 च्या डिसेंबरात बाजीरावाने भोपाळात निजामाला कोंडले आणि जानेवारी 1738 मध्ये तह करून घेतला, तो इथेच. ज्या गावाने बाजीरावाचा विजय पाहिला, ते ऐंशी वर्षांनी मराठ्यांच्या हातून गेले, आणि तो व्यवहार नवाबाच्या बाजूने ठरवणाऱ्या दोघांपैकी एक, शहजाद मसीह, कॅथलिक ख्रिस्ती होता. पाच वर्षांनी जॉन माल्कमने मध्य भारतावरचे आपले पुस्तक छापले तेव्हा याच माणसाची ओळख त्याने बाल्थझार बूर्बाँ अशी करून दिली. बूर्बाँ म्हणजे फ्रान्सच्या राजघराण्याचे आडनाव. माझा सगळा युक्तिवाद या दोन नावांमधल्या फटीवर उभा आहे.

शाहपुरा, अरेरा कॉलनी या बाजूचे भोपाळ 1956 साली शहर राजधानी झाल्यानंतर वाढले. नागपूरची राजधानी गेल्यावर कचेऱ्यांबरोबर जी मराठी कुटुंबे इकडे आली, त्यांच्या घरी पाहुणा आला की त्याला जुन्या शहरात चौकाजवळचा शौकत महल दाखवायला नेतात. तिथे हमखास ऐकू येते की हा महाल बूर्बाँ वंशातल्या एका फ्रेंच माणसाने बांधला. मग ओघाने पूर्ण कहाणी येतेच: जाँ द बूर्बाँ नावाचा राजपुत्र द्वंद्वयुद्धात एकाला मारून फ्रान्समधून पळाला, चाचांच्या हाती सापडला, इजिप्तमार्गे भारतात पोहोचला, 1560 च्या सुमारास अकबराच्या दरबारी चाकरीला लागला आणि बादशहाच्या ख्रिस्ती बेगमेच्या बहिणीशी, ज्युलियानाशी, त्याचे लग्न झाले. काही जण त्याला थेट सेनापती शार्ल द बूर्बाँचा मुलगा ठरवतात. ऐकायला झकास आहे, पण तपासायला घेतली की कहाणी सांध्यासांध्यातून सुटते.

शार्ल 6 मे 1527 रोजी रोमच्या तटावर चढताना गोळी लागून मेला. त्याची बायको सुझान 1521 मध्येच वारली होती आणि त्यांची मुले बाळपणीच गेली. म्हणजे वयाचा हिशेब ओढूनताणून बसवला तरी तो मुलगा अनौरस ठरतो, आणि मग गादीवरचा हक्क आपोआप संपतो. अकबराच्या बाजूने पाहिले तरी अडचण तीच. 1560 मध्ये अकबर अठरा वर्षांचा होता आणि बैराम खानाच्या छायेतून नुकता बाहेर पडत होता. पोर्तुगिजांशी त्याची समोरासमोर गाठ गुजरातच्या स्वारीत, 1572-73 मध्ये पडली. 1580 मध्ये फत्तेपूर सीक्रीला आलेले जेझुइट दरबारातली बारीकसारीक गोष्ट लिहून ठेवणारे. फ्रान्सच्या राजरक्ताचा कॅथलिक सरदार तिथे वावरत असता तर त्यांनी गोव्याला आणि रोमला पत्रांचा पाऊस पाडला असता. राहिली ज्युलियाना. त्या नावाची ख्रिस्ती स्त्री मोगल दरबारात खरोखर होती, पण ती आर्मेनियन, मिर्झा सिकंदरची बायको आणि पुढे जहांगीर-शाहजहानच्या काळात नावारूपाला आलेल्या मिर्झा झुल्करनैनची आई. भोपाळच्या कहाणीने तिला आपल्या घरात आणून बसवले, असेच मला वाटते. उत्तरेतली मोजकी कॅथलिक घराणी आपापसात सोयरिकी करत. अशा ठिकाणी एका घरची आजी दोन पिढ्यांत दुसऱ्या घरची व्हायला वेळ लागत नाही.

मग बूर्बाँ हे नाव निव्वळ बनावट का? इतके टोक मी गाठणार नाही. बूर्बाँ हे राजघराण्याच्याही आधी मध्य फ्रान्समधल्या गावाचे आणि परगण्याचे नाव आहे, आणि सतराव्या शतकात हिंदी महासागरातल्या एका फ्रेंच बेटालाही तेच नाव मिळाले. त्या परगण्यातला किंवा त्या बेटावरून आलेला एखादा गोलंदाज मोगलांच्या तोफखान्यात शिरला आणि गावाचे नाव आडनाव होऊन चिकटले, हा माझा तर्क. कऱ्हाडहून आला म्हणून कऱ्हाडकर झालेल्या माणसाला कोणी कऱ्हाडचा राजा समजत नाही; फिरंग्याच्या बाबतीत मात्र गाव आणि गादी यांची सरमिसळ सहज झाली. राजपुत्राची कहाणी कधी शिवली गेली याचा माग लागतो तो ऐकणाऱ्यांमुळे. ती छापील रूपात येते माल्कमकडे, मग 1860 च्या दशकात भोपाळला आलेल्या फ्रेंच प्रवासी लुई रूसलेकडे, मग भोपाळचा पोलिटिकल एजंट राहिलेल्या कर्नल किंकेडकडे. तिघेही युरोपीय. आणि रायसेनच्या तहात, जिथे नाव बिनचूक असणे गरजेचे होते, तिथे फक्त शहजाद मसीह.

यावर आक्षेप असा की फारसी कागदात फारसी नावच येणार, त्यावरून काय सिद्ध होते? बरोबर, बूर्बाँ हे नाव खोटे होते एवढे त्यावरून सिद्ध होत नाही. पण भोपाळच्या दरबारात शहजाद मसीहचे वजन कशामुळे होते, ते त्यावरून दिसते. तिथे फ्रान्सच्या गादीचे कोणाला सोयरसुतक नव्हते. त्याची दुसरी वंशावळ, चाकरीची, तिथे मोलाची होती. घराण्याच्या सांगण्यानुसार त्यांच्याकडे नरवरजवळच्या शेरगढची जहागीर होती. 1778 मध्ये नरवरच्या राजाने तिथे कत्तल केली, त्यातून बचावलेला साल्व्हादोर बूर्बाँ पुढे भोपाळात आला आणि इनायत मसीह झाला. शहजाद त्याचा मुलगा. भोपाळची अवस्था त्या वेळी काय होती? राज्य मुळात परक्या शिपायाने उभारलेले: तिराहचा ओरकझाई पठाण दोस्त मुहम्मद खान दिल्लीला नोकरी शोधायला आला, माळव्यात भाडोत्री तलवार चालवली, बेरासिया मक्त्याने घेतले आणि शेवटी स्वतःच नवाब झाला. त्याच्या वंशात भाऊबंदकी पाचवीला पुजलेली. असल्या घरात ज्याला पठाणी गोत नाही, जो कधीच गादी मागणार नाही, असा कारभारी सोन्याच्या मोलाचा असतो.

मध्ययुगीन इंग्लंडच्या राजांनी हेच ओळखले होते. तिसऱ्या एडवर्डने 1348 च्या सुमारास गार्टरचा मानाचा सरदारसंघ काढला तेव्हा पहिल्या मानकऱ्यांत गॅस्कनीचा जाँ द ग्राइयी होता आणि साँशे दाब्रिशकूर नावाचा आणखी एक परदेशीही. एडवर्डच्या आजोबांच्या बापाला, तिसऱ्या हेन्रीला, हा खेळ महागात पडला होता: त्याचे फ्रान्सहून आलेले सावत्र भाऊ 1258 मध्ये इंग्लिश सरदारांनी हाकलून लावले. गंमत म्हणजे त्या सरदारांचा पुढे पुढारी झालेला सिमाँ द मोंफोर स्वतः फ्रान्समध्ये जन्मलेला. परका कोण हे त्या वेळी कुणाच्या बाजूला उभे राहिलात यावर ठरे.

मराठी मुलखातही हा प्रकार नवा नव्हता. गारदी पलटणी, महादजींचा द ब्वाँय, असईला शिंद्यांची पायदळे चालवणारा हॅनोव्हरचा पोलमन, ही नावे शाळेपासून पाठ आहेत. भोपाळच्या संदर्भात लक्ष द्यावे ते फिलोझ घराण्याकडे. 1812-13 मध्ये शिंद्यांचा जगू बापू आणि नागपूरकर भोसल्यांचा सादिक अली यांनी भोपाळला वेढा घातला. नजर मुहम्मदचा बाप वजीर मुहम्मद खान याने शहर चिवटपणे लढवले आणि सादिक अलीने आपल्याला स्वप्नात दृष्टांत झाल्याचे सांगून फौज मागे घेतली. पुढच्या मोहिमेवर शिंद्यांनी पाठवला जाँ बाप्तिस्त फिलोझ, आपल्याकडचा जान बत्तीस, नेपल्सच्या मिकेले फिलोझचा मुलगा. भोपाळवर चालून जाण्याऐवजी तो सिहोरजवळ शिंद्यांच्याच जसवंतराव भाऊशी भांडला, लढलाही, आणि मोहीम बारगळली. तटाच्या आत कॅथलिक मसीह, बाहेर कॅथलिक फिलोझ. दोघांत काही निरोपानिरोपी झाली असावी, असा मोह मला होतो. पण कागद नाही, आणि शिंद्यांच्या सरदारांना आपापसात भांडायला बाहेरच्या निरोपाची गरज क्वचितच पडे. तेव्हा हा मोह मी आवरतो.

माझ्या मताला खरा धक्का बसतो तो करम मुहम्मदमुळे. तो परका नव्हता, तरी तहावर त्याचेही नाव आहे. म्हणजे दरबार केवळ उपऱ्यांवर विसंबून नव्हता. पण पुढे काय झाले ते पाहा. 1819 मध्ये इस्लामनगरला नजर मुहम्मद खान पोरवयाच्या मेव्हण्याच्या हातून पिस्तूल सुटून मेला. त्याची तरुण विधवा कुदसिया बेगम हिने तान्ह्या मुलीच्या, सिकंदरच्या, नावाने राज्य आपल्या हाती घेतले. गादीवर डोळा असलेले पुरुष तिच्या आसपासच होते. त्या वर्षांत तिच्या भरवशाच्या मोजक्या कारभाऱ्यांत शहजाद मसीह होता, आणि तिच्या मुलीच्या हक्काशी ज्याचा स्वार्थ कुठेच आडवा येत नव्हता असाही तोच. दुसरा आक्षेप, की तोवर हे घराणे कित्येक पिढ्या इथलेच झाले होते, मग परके कसले? भाषेने आणि पोशाखाने ते इथलेच होते. पण पठाणांशी सोयरीक नाही आणि देवळे वेगळी, एवढे वेगळेपण पुरेसे होते. ते त्यांनी जपले, कारण त्यावरच त्यांची भाकर होती.

शहजाद मसीह गेल्यावर त्याची बायको इझाबेला हिने घराणे सांभाळले. भोपाळ तिला दुल्हन सरकार म्हणे. रूसलेने तिला मादाम द बूर्बाँ लिहिले. शौकत महलापाशी फ्रान्सच्या वारसाची गोष्ट कानावर पडली तर ती जरूर ऐकावी, पण सांगणाऱ्याला रायसेनच्या तहाबद्दलही विचारावे. विंचूरकरांचे महाल भोपाळच्या पदरात पडले त्या बोलण्यांत नवाबाकडून बसलेला माणूस हाच होता, आणि तिथे त्याने आपले नाव शहजाद मसीह एवढेच सांगितले.