मल्लेश्वरमचा शिलालेख आणि आपले सण

मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, बेंगळुरूत आपण पाहुणे आहोत ही भावना एकदा पारखून घ्यावी, असे आम्हांस वाटते. इ. स. १६३८ मध्ये विजापूरच्या फौजेने हे नगर केम्पेगौडांकडून घेतले आणि ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले. त्यांचे पुत्र व्यंकोजीराजे यांनी १६६९ मध्ये मल्लेश्वरमच्या काडू मल्लेश्वराच्या पूजेअर्चेसाठी एक गाव दान दिले. शिलालेख त्याची साक्ष देतो. राजांनी येथे नवा देव आणला नाही, येथल्याच देवापुढे हात जोडले.

आम्ही मात्र गणेशोत्सव सभागृहात साजरा करून समाधान मानले. चैत्री पौर्णिमेच्या रात्री धर्मराय मंदिरातून निघून मस्तानसाहेबांच्या दर्ग्यापाशी थांबणारा करग आपल्यापैकी कितीजणांनी पाहिला? कार्तिकातल्या अखेरच्या सोमवारी बसवनगुडीच्या नंदीला नव्या भुईमुगाच्या शेंगा वाहतात, हे आपल्या मुलांना कोणी सांगितले? आपले सण आपण जपलेच पाहिजेत. परंतु ज्या नगरीने आपल्याला अन्न दिले, तिच्या उत्सवांत सहभागी झाल्यावाचून पुढची पिढी या नगरीला आपले गाव म्हणणार नाही.