भिंतीवरचा कागद

आज मी तुम्हांला एका कागदाची हकीकत सांगणार आहे. हा कागद 1863 च्या सुमारास पुण्यात भिंतींवर चिकटवला गेला, आणि तोही ब्राह्मणवस्तीच्या कोपऱ्याकोपऱ्यांवर. चिकटवणारे होते जोतीराव फुले. मजकूर थोडा होता. ज्या विधवेला दिवस गेले असतील तिने आमच्या घरी यावे, गुपचूप आणि सुखरूप बाळंत व्हावे. मूल न्यायचे की ठेवायचे ही तिची खुशी. तू कोण, कुणाची, हे कसे झाले, यांतला एकही प्रश्न त्या कागदावर नव्हता.

असा कागद लावण्याची पाळी का आली, हे जोतीरावांनीच 4 डिसेंबर 1884 रोजी सरकारला लिहून कळवलेल्या आपल्या मतात सांगितले आहे. त्यांचे स्नेही गोवंडे यांच्या घरी काशीबाई नावाची एक तरुण ब्राह्मण विधवा स्वयंपाकाला होती. जवळच्या एका शास्त्र्याने तिला नादी लावले. तिला दिवस गेले. मग त्याच माणसाच्या सल्ल्याने तिने नाना तऱ्हेची विषारी औषधे घेऊन पाहिली. गर्भ काही पडला नाही. नऊ महिने भरले, मुलगा झाला, आणि अब्रूच्या भीतीने तिने त्या बाळाला मारून मागल्या विहिरीत टाकले. दोन दिवसांत पोलिसांनी तिला धरले. खटला चालला, जन्मठेप झाली, काळे पाणी झाले. शिक्षा आली ती एकट्या काशीबाईच्या वाट्याला.

ही हकीकत बालहत्येची म्हणून आपण ऐकतो. पण मधले ते वाक्य पुन्हा वाचा. आधी औषधे घेतली होती. बाळाच्या गळ्याला हात लागण्याच्या कितीतरी महिने आधी ती बाई कुणाकडे तरी वाट विचारीत होती, आणि तिला मिळाले ते विष.

जोतीराव आणि सावित्रीबाई यांनी आपल्या घरीच बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. सरकारी मदत नाही, देणगी नाही. येणाऱ्या बायांची बाळंतपणे सावित्रीबाई स्वतः निस्तरीत. 1884 पर्यंत तिथे 35 विधवा येऊन बाळंत झाल्या. त्यांच्या मुलांपैकी जगली किती? फक्त 5. उरलेली 30 दगावली, आणि त्याचे कारण जोतीरावांनी स्पष्ट लिहिले आहे: पोट लपवण्यासाठी आयांनी घेतलेल्या विषारी औषधांनी ती गर्भातच दुखावलेली होती. म्हणजे या घराच्या दारापर्यंत पोचलेल्या बहुतेक बाया आधी दुसऱ्या दारावरून विष घेऊन आल्या होत्या. ज्या पोचल्याच नाहीत, त्यांची मोजदाद कोण ठेवणार?

इथे एक गोष्ट नीट सांगून ठेवतो. फुल्यांना गर्भपाताचा हक्क हवा होता असे माझे म्हणणे नाही. त्यांना मुले वाचवायची होती. त्या काळात गर्भपात सुरक्षितपणे करता येत नव्हता आणि कायद्यानेही तो गुन्हाच होता. भारतीय दंडसंहिता 1 जानेवारी 1862 पासून लागू झाली होती. तिच्या 312 व्या कलमाने गर्भ पाडणाऱ्याला 3 वर्षांपर्यंत, आणि गर्भ हालू लागल्यावर 7 वर्षांपर्यंत कैद सांगितली होती. आणि जी बाई स्वतःचा गर्भ पाडील तीही गुन्हेगारच. फुल्यांकडून घेण्यासारखे आहे ते त्यांचे वागणे. अडलेल्या बाईला आधी शिकवण द्यायची की आधी दार उघडायचे, हा प्रश्न त्यांनी दार उघडून सोडवला.

अशी माणसे तेव्हा आणखीही होती. 1875 साली पंढरपुरात तिथले न्यायाधीश लालशंकर उमियाशंकर यांनी टाकलेल्या मुलांसाठी बालकाश्रम काढला. 1881 साली सुरतेच्या कोर्टाने विजयालक्ष्मी नावाच्या एका तरुण विधवेला, नवजात मूल मारले म्हणून, फाशी सुनावली. पुढे अपिलात ती शिक्षा कमी झाली. वर्तमानपत्रांनी विधवांच्या वागणुकीवर रकाने भरले. तेव्हा बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी 1882 मध्ये 'स्त्रीपुरुष तुलना' हे पुस्तक छापून विचारले, की दोष जर दोघांचा तर शिक्षा एकटीला का? ताराबाईंकडे ना संस्था होती ना अधिकार. दौत-लेखणी होती, तेवढ्यावर त्यांनी काम केले. पुढे रघुनाथ धोंडो कर्वे यांनी 1921 साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले, त्या पायी विल्सन कॉलेजातली गणिताची नोकरी सोडावी लागली, तरी 1927 पासून 1953 साली मरेपर्यंत 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवले आणि कोर्टाचे दंडही भरले. नको असलेला गर्भ मुळात राहूच नये, ही त्यांची वाट. ती बरोबरच होती. पण राहिला तर पुढे काय, हा प्रश्न खेड्यातल्या बाईपुढे तसाच उभा होता. ती सुईणीकडे जाई, काडी-मुळी घेई, ताप येई, आणि घरचे म्हणत, अंगावरून जाऊन मेली.

सरकारने हा प्रश्न हाती घेतला तो 1964 साली. त्यासाठी नेमलेल्या समितीचे अध्यक्ष होते महाराष्ट्राचे तेव्हाचे आरोग्यमंत्री शांतिलाल शहा. 1966 च्या अखेरीस समितीचा अहवाल आला. देशात वर्षाला सुमारे 39 लाख गर्भपात मुद्दाम केले जात असावेत, असा त्यांचा अंदाज होता. आणि लोकांना वाटत होते तशा या सगळ्या कुमारिका-विधवा नव्हत्या. पुष्कळशा नांदत्या, लेकुरवाळ्या बाया होत्या. अब्रूपेक्षा त्यांना पाचव्या-सहाव्या बाळंतपणाची धास्ती होती. यातून 1971 चा वैद्यकीय गर्भपाताचा कायदा झाला आणि 1 एप्रिल 1972 पासून तो अमलात आला.

आता या कायद्याची एक खोच समजून घ्या, कारण गावात गैरसमज इथूनच सुरू होतात. या कायद्याने जुने 312 वे कलम रद्द केले नाही. नोंदणी झालेल्या, शिकलेल्या डॉक्टरने मान्य जागी, सांगितलेल्या कारणांसाठी गर्भपात केला तर तो गुन्हा नाही, एवढेच म्हटले. 2024 च्या जुलैपासून नवी न्यायसंहिता आली, तिच्यातही गर्भपाताचे कलम आहेच, फक्त आकडा 88 झाला. म्हणजे बाईने मागितले आणि मिळाले असा हा सरळ हक्क नाही. डॉक्टरच्या मतातून जाणारी ही वाट आहे. मला विचाराल तर ही त्या कायद्याची उणीव आहे. पण वाट आहे, आणि ती पुष्कळांना ठाऊकच नाही.

2021 च्या दुरुस्तीनंतर 20 आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचे मत पुरते. 20 ते 24 आठवड्यांपर्यंत दोन डॉक्टर लागतात, आणि तेही ठराविक स्त्रियांसाठी: अत्याचार झालेली, अल्पवयीन, अपंग, गरोदरपणात विधवा झालेली किंवा काडीमोड झालेली, आणि अशा आणखी काही. त्यापुढे गर्भात मोठे व्यंग असेल तर वैद्यकीय मंडळ ठरवते. जुन्या कायद्यात संततिनियमन फसल्याचे कारण फक्त 'विवाहित स्त्री आणि तिचा नवरा' यांच्यापुरते होते. आता तिथे 'कोणतीही स्त्री आणि तिचा जोडीदार' असे शब्द आहेत. 29 सप्टेंबर 2022 रोजी सर्वोच्च न्यायालयानेही सांगितले, की या बाबतीत लग्न झालेली आणि न झालेली असा भेद करता येणार नाही.

मग तुम्ही-आम्ही काय करायचे? आपण काही फुले नव्हे, घराला दुसरे दार पाडण्याइतकी आपली ऐपतही नाही. पण पुष्कळ ठिकाणी गाडे अडते ते अगदी लहान गोष्टींवर.

पहिली गोष्ट सहीची. अठरा वर्षांवरच्या, शुद्धीत असलेल्या स्त्रीची संमती एकटीची पुरते. नवऱ्याची सही कायदा मागत नाही. तरी ती मागितली जाते, आणि बाई मुकाट्याने परत फिरते. नवरा ऊसतोडीला गेलेला, नाहीतर मुंबईला. सही आणायची कुठून? अशा वेळी तिच्याबरोबर गेलेल्या शेजारणीने, आशाताईने, किंवा गुरुजींनी नम्रपणे एवढेच म्हणावे, की साहेब, कायद्यात तिचीच संमती आहे. भांडण नको, नुसते ठाऊक असलेले माणूस बरोबर असले की पुष्कळ काम होते.

दुसरी गोष्ट दिवसांची. पाळी चुकल्यावर 'बघू पुढच्या महिन्यात' करता करता आठवडे उलटतात, आणि इथे सगळा हिशेब आठवड्यांचा आहे. 2023 च्या ऑक्टोबरात सव्वीस आठवडे उलटलेल्या एका विवाहितेला सर्वोच्च न्यायालयाने परवानगी नाकारली. दोन मुलांची आई, दुसरे बाळंतपण अलीकडचेच, अंगावर पाजत असल्याने दिवस गेल्याचे ध्यानातच आले नाही. असे तुमच्या वस्तीवरही घडू शकते. तेव्हा कुणी दबक्या आवाजात विचारले तर त्याच आठवड्यात तिला दवाखान्यात न्या. जवळचे कोणते सरकारी रुग्णालय ही सोय देते हे आधीच विचारून ठेवा, वेळ आल्यावर नव्हे. एस.टी.चे भाडे, दिवसाची बुडालेली मजुरी, घरी राहिलेली पोरे सांभाळणे, ही मदत कुणीही करू शकतो आणि तिला खरी गरज याचीच असते.

तिसरी गोष्ट तोंड बंद ठेवण्याची. गर्भपात करवून घेतलेल्या स्त्रीचे नाव डॉक्टरने फोडणे हा आता शिक्षेस पात्र गुन्हा आहे. पारावर बोलणाऱ्यांना तो कायदा लागत नाही, हे खरे. पण गावात एकीची चर्चा झाली, की दुसरी दवाखान्याऐवजी अंधारात जाते.

शाळेतल्या शिक्षकांना वेगळे सांगायचे आहे. मुलगी अठराच्या आतली असली तर पालकाची संमती लागते, आणि 2012 च्या बाल-संरक्षण कायद्याने पोलिसांना कळवण्याचे बंधनही येते. या भीतीने आईबाप मुलीला कुठल्यातरी वैदूकडे नेतात. 2022 च्या त्याच निकालात न्यायालयाने म्हटले आहे, की मुलीने आणि पालकाने विनंती केली तर डॉक्टरने कळवताना तिची ओळख उघड करण्याची गरज नाही. पालकांना हे एक वाक्य सांगणारा माणूस शाळेतच भेटू शकतो. दुसरे कोण सांगणार?

आणि एक घोटाळा निस्तरला पाहिजे. गर्भलिंग तपासून मुलगी पाडणे हा निराळा गुन्हा आहे. त्याविरुद्ध देशात पहिला कायदा 1988 मध्ये आपल्याच महाराष्ट्राने केला, पुढे 1994 मध्ये देशाचा झाला. 2017 साली सांगली जिल्ह्यातल्या म्हैसाळला ओढ्याकाठी 19 अर्भके पुरलेली सापडली, तेव्हा सगळ्यांचीच मान खाली गेली. पण अशा प्रकारानंतर कित्येक डॉक्टर आणि औषधविक्रेते इतके धास्तावतात, की कायदेशीर कारणाने आलेल्या बाईलाही दारातून परत पाठवतात. 'गर्भपात हा गुन्हा आहे' अशी वाक्ये मुलगी वाचवा म्हणणाऱ्या भिंतींवर कितीदा रंगवलेली दिसतात! हेतू चांगला, वाक्य चुकीचे. गुन्हा लिंग तपासण्याचा आहे. तुमच्या शाळेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या भिंतीवर असे वाक्य असेल, तर चुन्याचा एक हात मारून त्या जागी 'गर्भलिंग तपासणी हा गुन्हा आहे' एवढे लिहून घ्या. रंगाऱ्याचे अर्ध्या दिवसाचेही काम नाही.